एक तांब्या साधं पाणी

बायांनो, मघाशी मी 'धुपणी', म्हणजे अंगावरून पांढरं जाणं, असं म्हटलं तेव्हा निम्म्या जणींनी पदर तोंडाला लावला. लावा, पण ऐका. दवाखान्यात हे दुखणं सगळ्यात शेवटी बाहेर येतं. कंबरदुखीची गोळी घेऊन बाई उठते, चप्पल घालते आणि दारातून मागं फिरून हळूच म्हणते, "मॅडम, अंगावरून पांढरं जातंय."

थोडं पांढरं जाणं हा आजार नाही. दोन पाळ्यांच्या मध्ये ते पाकासारखं तार धरतं, गरोदरपणी वाढतं. तुम्ही दुधाला विरजण लावता ना, त्याच कुळातले चांगले जंतू आपल्या मायांगात, म्हणजे योनीत, राहतात आणि तिथं आंबटपणा धरून ठेवतात. पाळी चालू असलेल्या वयात तिथला सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) साधारण 3.8 ते 4.5 असतो. त्या आंबटपणात वाईट जंतूंचा निभाव लागत नाही. साबण नेमका उलट्या गुणाचा. विरजणात कुणी सोडा टाकतं का?

एक बाई आली होती. वास येतो म्हणून जखमा धुवायचं औषध पाण्यात कालवून रोज आतून धूत होती. धुवावं तितका वास वाढायचा, म्हणून ती आणखी धुवायची. कातडी लालभडक, सोललेली. धड बसवत नव्हतं. मी आधी तिचं धुणं बंद केलं, मग सात दिवसांच्या गोळ्या दिल्या.

म्हणून तुरटी, लिंबू, दही, सुगंधी वॉश, आत काहीही नको. बाहेरून एक तांब्या साधं पाणी, हात पुढून मागं. टँकरची वाट बघणाऱ्या घरातही तेवढं निघतं.

दह्याच्या चोथ्यासारखं जात असेल आणि खाज असेल तर बहुधा बुरशी. शुगर असेल तर ती वारंवार होते. मासळीसारखा वास आला तर तपासून घ्या. हिरवट, फेसाळ जात असेल तर बहुतेक वेळा नवऱ्यालाही गोळ्या लागतात, त्याला सोबत आणा. संबंधानंतर रक्त दिसलं किंवा पाळी गेल्यावर पुन्हा दिसलं, तर एक दिवसही थांबू नका.

पण धुपणीसाठी गर्भपिशवी काढायची नसते. 2019 मध्ये सरकारी समितीनं आपल्या बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची माहिती घेतली, तेव्हा 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. मला हा आकडा झोपू देत नाही. "ठेवलीस तर कॅन्सर होईल" असं घाबरवलेल्या कितीतरी जणी मी पाहिल्यात. कॅन्सरची भीती असेल तर तपासणी करा. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात 1,31,746 बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची तपासणी झाली, त्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. 2009 मध्ये हे जगापुढं आलं, ते तुमच्यासारख्याच बायकांमुळं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं आशाताईला विचारून तपासणीची तारीख घ्या.

मागच्या मावशी विचारतायत, फडावर कोपीत राहताना आतला कपडा वाळवायचा कुठं? उन्हातच, मावशी. साडीखाली झाकलेला कपडा वरून कोरडा लागतो, शिवणीत ओल तशीच राहते. लाज वाटत असेल तर वरून पातळ ओढणी टाका. काढताना शिवण चिमटीत धरून बघा. गार लागली तर परत दोरीवर टाका.