स्वालबार्डला जायचंय? आधी उजेड ठरवा

श्रोतेहो, नमस्कार.

वास्कोच्या सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताच्या दोन्ही ध्रुवांकडच्या मोहिमांची आखणी तिथे होते, आपल्या गोव्यात. उत्तरेकडचं आपलं ठाणं म्हणजे ‘हिमाद्री’. नॉर्वेच्या अखत्यारीतल्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, न्यी-ओलेसुंड नावाच्या वस्तीत १ जुलै २००८ रोजी ते सुरू झालं. शास्त्रज्ञ जातात, मग आपल्यासारख्यांना जाता येईल का? जरूर येईल. पण युरोप सहलीला दोन दिवस जोडावेत तशी ही सहल नाही. तिची तयारी वेगळ्या टोकापासून सुरू करावी लागते. त्याविषयी आज बोलणार आहे.

आपण सहल ठरवतो ती मुलांची सुट्टी आणि विमानाचं भाडं बघून. स्वालबार्डसाठी आधी ठरवायचा तो उजेड. गोव्यात वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत दोन तासांचंही अंतर पडत नाही. तिथलं मुख्य गाव लाँगयिअरब्येन ७८ अंश उत्तरेला आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिथे सूर्य मावळतच नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस तो क्षितिजाखाली जातो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत तर भर दुपारीही अंधार असतो, आणि आकाश निरभ्र असेल तर त्या दुपारीसुद्धा ध्रुवीय प्रकाश, म्हणजे आकाशात हलणारे रंगीत पट्टे, दिसू शकतो.

गावाभोवती डोंगर आहेत. त्यामुळे सूर्य क्षितिजावर आला तरी गावात ऊन पोचायला ८ मार्चच्या सुमाराला मुहूर्त लागतो. जुन्या इस्पितळाच्या पायऱ्या तेवढ्या जपून ठेवल्या आहेत. त्या दिवशी सारं गाव तिथे जमतं आणि पायरीवर पडणाऱ्या पहिल्या उन्हाची वाट बघतं. आपल्याकडे साधारण शिगम्याचे दिवस असतात. मला विचाराल, तर एकदाच जाणं होणार असेल त्याने मार्च-एप्रिल धरावा. बर्फ भरपूर असतो, उजेड हवा तितका असतो आणि बर्फावरच्या स्कूटरने दूरवर जाता येतं. थंडी मात्र उणे पंधरा-वीसपर्यंत सोसावी लागेल. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर जुलै बरा. तापमान पाच-सात अंश असतं आणि बोटीतून हिमनद्या बघता येतात. पण जुलैत जाऊन ध्रुवीय प्रकाश दिसला नाही म्हणून हळहळू नका, रात्रच नसते तर तो दिसणार कुठून?

गाव संपतं तिथे त्रिकोणी पाटी आहे, काळ्या पाटीवर पांढरं अस्वल. त्या पाटीपलीकडे वाटाड्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. वाटाड्याकडे अस्वलाला पळवून लावायची साधनं असतात, आणि बंदूकही. १ जानेवारी २०२५ पासून नियम आणखी कडक झाले आहेत. अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं, १ मार्च ते ३० जूनमध्ये ५०० मीटर. तुमच्या बोटीने अस्वल दिसूनही लांबूनच मार्ग बदलला, तर तक्रार करू नका. १९४६ पूर्वीच्या माणसाच्या कुठल्याही खुणेला तिथे संरक्षण आहे, मग ती गंजलेली खाणीची गाडी असो की मोडकी फळी. आपल्या किनाऱ्यांवर बाहेरून आलेले लोक कसे वागतात ते आपण रोज बघतो आणि चिडतो. तिकडे आपण पाहुणे असू.

हॉटेलच्या दारात मात्र तुम्हाला घरच्यासारखं वाटेल, कारण बूट बाहेर काढून आत जायचं असतं. कोळशाच्या खाणीतले लोक काळवंडलेले बूट दारात काढत, ती पद्धत अजून टिकून आहे.

न्यी-ओलेसुंडला पर्यटक बहुधा बोटीने काही तासांपुरते जातात. तिथे उतरण्यापूर्वी फोनचं वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करावं लागतं. दूरच्या आकाशस्थ स्रोतांकडून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी टिपून पृथ्वीच्या हालचाली मोजणाऱ्या अँटेना तिथे आहेत, त्यांना आपल्या फोनचा गलबला सोसत नाही. रेडिओ ऐकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. जवळच्याच कोंग्सफ्योर्ड नावाच्या खाडीत भारताने २०१४ साली समुद्राच्या पाण्याची मोजमापं घेणारी उपकरणं पाण्याखाली बसवली.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. अंगालगत सुती बनियन नको, लोकरीचं घ्या. सुती कपडा घामाने भिजला की वाळत नाही आणि अंग गारठतं. जाड कोट विकत घेण्याआधी सहल कंपनीला विचारा, बर्फावरच्या स्कूटरसाठी पूर्ण पोशाख त्या बहुधा देतात. शाकाहारी मंडळींनी पोहे, चटणी, कोरडा खाऊ बरोबर ठेवावा. दूध आणि मांसाचे पदार्थ मात्र नेऊ नका, भारतातून युरोपात ते न्यायला बंदी आहे. विम्यात शोध आणि सुटकेचा खर्च आहे का, हे ओळ न् ओळ वाचून बघा. गावात इस्पितळ आहे पण लहान, गंभीर रुग्णाला विमानाने नॉर्वेच्या मुख्य भूमीवरच्या ट्रॉम्सो शहरात हलवतात.

आता व्हिसा, आणि इथे नीट लक्ष द्या. स्वालबार्डविषयीच्या १९२० च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही. पण विमान ऑस्लो किंवा ट्रॉम्सोहून जातं, तो शेंगेन भाग, म्हणजे एकाच सामायिक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट. स्वालबार्ड मात्र शेंगेनच्या बाहेर. म्हणजे तिकडे जाताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि परतताना पुन्हा आत येता. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीची वाट बंद. अर्जात किमान दोन प्रवेश मागा, स्वालबार्डचं तिकीट सोबत जोडा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मार्चला जायचं असेल तर गणपतीचं विसर्जन झालं की पासपोर्ट काढा आणि त्याची मुदत तपासा.