पदकाच्या काठावरचं नाव

चांदीचं हे गोल पदक बघा. एका बाजूला ब्रिटनच्या राजपुत्राचा चेहरा, दुसऱ्या बाजूला पंखांची विजयदेवता, आणि तिच्या पायाशी 'वॉटर्लू' हा शब्द. आता जरा काठाकडे पाहू. इथे बारीक अक्षरांत एक नाव ठोकून उमटवलंय. साध्या शिपायाचं.

जून १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियन हरला, आणि ठरलं की त्या मोहिमेतल्या लढायांत ब्रिटिश सैन्यातला जो जो हजर होता, त्या प्रत्येकाला पदक. जनरल असो की नगारा वाजवणारा पोरगा, धातू तोच, आकार तोच. जे पडले, त्यांची पदकं त्यांच्या घरच्यांना मिळाली. याचं मोल कळायला १७९९ आठवावं. श्रीरंगपट्टण जिंकल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने काढलेल्या पदकात हुद्द्याप्रमाणे सोनं, चांदी, ब्राँझ अशी उतरंड होती, आणि शिपायाच्या वाट्याला कथील आलं होतं.

शौर्यपदकाला साक्षीदार लागतात, वरिष्ठांची शिफारस लागते. वॉटर्लूच्या पदकासारख्या सेवापदकाचं तसं नाही. त्याला लागतो हजेरीपट. कुठल्या तुकडीत होतास, कुठल्या हद्दीत, किती दिवस? ही अट ऐकायला रुक्ष वाटते, पण सैनिकाचं सगळं आयुष्य त्या एका ओळीत तोललं जातं. आणि ओळ चुकली, की माणूस मोजणीतून सुटतो.

वॉटर्लूला ब्रिटिश सैन्याचा सेनापती होता वेलिंग्टन. त्याआधी याच वेलिंग्टनच्या हाताखाली माणसं स्पेन-पोर्तुगालमध्ये वर्षानुवर्षं लढली. १८१२ साली बादाहोस या स्पेनमधल्या तटबंदी शहराच्या तटाला पडलेल्या खिंडारांत एका रात्रीत प्रेतांचे ढीग लागले. वरच्या अधिकाऱ्यांना सोन्याची पदकं मिळाली, शिपायांना काहीच नाही. एका लढाईचा नवखा छातीवर चांदी मिरवत होता आणि जुना जाणता सैनिक रिकाम्या कोटाने त्याच्या शेजारी उभा होता. त्यांच्यासाठी पदक जाहीर झालं थेट १८४७ साली. प्रत्येक लढाईच्या नावाची वेगळी पट्टी फितीवर चढवायची सोय झाली. काही छात्यांवर अशा पंधरा पट्ट्या आल्या. पण अर्ज स्वतः करायचा होता. म्हणजे तोवर जिवंत असायला हवं होतं.

बिल्ल्यांची गोष्टही याच वळणाची. अमेरिकेने १९४३ मध्ये पायदळाच्या लढवय्यांसाठी बिल्ला काढला. निळ्या पट्टीवर जुनी लांब बंदूक, भोवती ओकच्या पानांची माळ. अट कडक होती: माणूस पायदळाचा हवा आणि शत्रूशी जमिनीवर प्रत्यक्ष गाठ पडलेली हवी. बिल्ल्यामागे महिन्याला दहा डॉलर जादा मिळू लागले. पण त्याच गोळीबारात जखमींपर्यंत सरपटत जाणारा वैद्यकीय शिपाई पायदळाचा नव्हता, म्हणून तो बाहेर राहिला. त्याच्यासाठी वेगळा बिल्ला यायला १९४५ उजाडावं लागलं. पुढे इराकमध्ये आघाडीची रेषाच पुसली गेली. रसदीचे ट्रक हाकणारे स्त्री-पुरुषही हल्ल्यांत सापडू लागले. त्यांना आपला बिल्ला २००५ मध्ये मिळाला.

शेवटचं पदक पाहू. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश खलाशी रशियाला रसद पोचवत होते. डेकवर बर्फ इतका साचायचा की जहाज उलटू नये म्हणून तो कुऱ्हाडीने फोडावा लागे. या मोहिमेला स्वतंत्र पदक नव्हतं, ती अटलांटिकच्या पदकातच धरलेली होती, आणि त्या पदकासाठी समुद्रावर सहा महिने भरावे लागत. उरलेले खलाशी नव्वदीकडे झुकेपर्यंत मागणी करत राहिले. अखेर २०१३ मध्ये 'आर्क्टिक स्टार' हे पदक मिळालं. दिवसांची अट काढून टाकली. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला सेवा झाली असली, मग ती कितीही थोडी असो, तेवढं पुरेसं होतं. आणि या वेळी जे आधीच गेले होते, त्यांच्या नावाने घरच्यांना अर्ज करता आला.