६०,००० केसांची पकड

अमेरिकेतल्या फ्लोरिडाची रेताड जमीन. इथे सॉ पाल्मेटो नावाचा बुटका ताड माजलेला असतो. त्याच्या पानावर हा गडद निळा, चकचकीत ठिपका दिसतोय ना, तो आहे कासव-भुंगेरा. शास्त्रीय नाव हेमिस्फिरोटा सायानिया. लांबी जेमतेम ५ मिलिमीटर.

मुंग्या आल्या. भुंगेरा पळत नाही, उडतही नाही. पाठीवरचं कवच खाली घेऊन तो पानाला घट्ट बिलगतो. मुंग्या कवचाची कड चावतात, ओढतात, उलथवायला बघतात. तो तसूभर हलत नाही. शेवटी मुंग्याच कंटाळून निघून जातात.

हे बळ किती? कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस आयस्नर आणि डॅनियल अनेशान्सली यांनी ते मोजलं आणि २००० साली प्रसिद्ध केलं. स्वतःच्या वजनाच्या सुमारे ६० पट ओढ हा भुंगेरा २ मिनिटं सोसतो. थोड्या वेळापुरती तर २०० पटींहूनही जास्त.

आता त्याला काचेवर चालवू आणि खालून बघू. सहा पिवळी पावलं. प्रत्येकाच्या तळव्याला सुमारे १०,००० राठ केस, म्हणजे एकूण ६०,००० च्या घरात. प्रत्येक केसाच्या टोकाला दोन फाटे, आणि प्रत्येक फाट्यावर एक इवलीशी गादी. पावलातल्या ग्रंथींमधून तेल पाझरतं आणि या गाद्या ओल्या राहतात. तो चालून गेला की काचेवर तेलाचे बारीक ठिपके उमटलेले दिसतात.

तेलाने तर घसरायला हवं, मग हा चिकटतो कसा? काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून बघा. मधला द्रवाचा थर पातळ असेल, तर त्या सरळ वर उचलून सहजासहजी सुटत नाहीत. द्रवाचा पृष्ठताण त्यांना धरून ठेवतो. गादीखालचं तेल हेच करतं, शिवाय पानाच्या बारीक खाचाखोचाही भरून काढतं. एका थेंबाची ताकद नगण्य, पण इथे असे लाखभर थेंब एकाच वेळी कामाला लागतात.

मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचंच. एवढी पकड कायम ठेवली असती, तर त्याला पाऊल उचलणं मुश्कील झालं असतं. म्हणून चालताना तो मोजकेच केस टेकवतो. धोका जाणवला की तळवे पूर्ण दाबतो, आणि सगळे केस पृष्ठभागाला भिडतात.

द्रव वापरून चिकटणारा तो एकटाच नव्हे. घरातल्या माशीचे तळवेही असेच केसाळ आणि ओलसर. मुंग्या आणि झुरळांना केसांऐवजी मऊ, गुळगुळीत गादी असते, पण द्रव तिथेही असतोच. म्हणजे भुंगेऱ्यावर तुटून पडलेल्या मुंग्याही पानावर बऱ्याच अंशी त्याच युक्तीने उभ्या आहेत.

एका शत्रूपुढे मात्र ही पकड निरुपयोगी ठरते. हा बघा, ढेकणाच्या गोतातला एक मोठा शिकारी कीटक, एरिलस क्रिस्टेटस. तो भुंगेऱ्याला ओढायच्या फंदात पडत नाही. सोंड खुपसून विष सोडतो आणि त्याला जागीच मारतो.