पिल्लाच्या चोचीत दाणा नसतो

मंडळी, आपण शेतकरी माणसं पाखरांची सरळ वाटणी करून मोकळे होतो. कणसावर बसतं ते नासधूस करणारं, अळी टिपतं ते कामाचं. सुगरण, चिमणी, तित्तर, लावा एका बाजूला. कोतवाल, साळुंकी, वेडा राघू, नीळकंठ दुसऱ्या बाजूला. मोठ्या पाखरांपुरती ही वाटणी बऱ्याच अंशी खरी आहे. पिल्लांपाशी मात्र ती टिकत नाही. सुगरणीची वसाहत दिसली की थोडा वेळ थांबून बघा. ती स्वतः दाणे खाते, पण पिल्लांसाठी आधी आणते ते नाकतोडे, अळ्या, कोळी. चिमणीचंही तेच. अंड्यातून निघालेल्या जिवाला थोड्या दिवसांत हाडं, स्नायू, पिसं उभी करायची असतात. त्याला लागणारी प्रथिनं कोरड्या दाण्यातून भागत नाहीत. तित्तर-लाव्यांची पिल्लं तर जन्मल्या दिवसापासून आईमागे पळतात आणि स्वतःच किडे टिपतात. ज्याला आपण धान्याचा चोर म्हणतो त्याचं बालपण किड्यांवर जातं. मला आज सांगायचं आहे ते एवढंच, बाकी सगळं त्यातूनच निघतं.

हे सर्वांत बारकाईनं तपासलं गेलं ते इंग्लंडमध्ये. तिथे आपल्या तित्तराचा एक भाऊबंद आहे, करड्या रंगाचा, गव्हाच्या शेतात राहणारा. तो झपाट्यानं कमी व्हायला लागला. लोकांना वाटलं शिकार वाढली, कोल्हे वाढले. डिक पॉट्स नावाच्या शास्त्रज्ञानं १९६०च्या दशकाच्या अखेरीस ससेक्स परगण्यात काम सुरू केलं आणि त्याच्या लक्षात आलं की अंडी फुटत होती, पिल्लं बाहेरही येत होती, पण पहिल्या काही आठवड्यांत मरत होती. कारण होतं तणनाशक. तणनाशक पिल्लाला मारत नव्हतं. ते गव्हातलं तण मारत होतं, तणावरचे किडे तणासोबत जात होते आणि पिल्लू उपाशी राहत होतं. त्या देशातले ९० टक्क्यांहून अधिक करडे तित्तर गेल्या पन्नास-साठ वर्षांत नाहीसे झाले. उपाय अगदी साधा निघाला. शेताच्या कडेचा सुमारे सहा मीटरचा पट्टा पेरायचा, पण त्यावर ठरावीक फवारण्या करायच्या नाहीत. जिथे हे केलं, तिथे जास्त पिल्लं वाचली.

आता आपल्याकडे या. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. ९४२ जातींचा आढावा, आणि त्यामागे देशभरातल्या हजारो हौशी पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी. दीर्घकाळाचा कल ज्या ३३८ जातींबद्दल सांगता आला, त्यांतल्या २०४ घटल्या आहेत. फळं आणि मधावर जगणारे पक्षी बरे आहेत. मांस, कीटक आणि धान्य खाणारे खाली चाललेत. दसऱ्याला ज्याचं दर्शन आपण शुभ मानतो तो नीळकंठ बारा वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी घटला. तारेवर बसून जमिनीवरचे भुंगे, रातकिडे, नाकतोडे उचलणारा हा पक्षी. तो जगतोच मुळी शेतात आणि माळावर.

इथे कुणी तरी नक्की म्हणेल की पाखरं कमी कुठे झालीत, आमच्याकडे मोरांनी उच्छाद मांडलाय. खरं आहे, आणि ही तक्रार उडवून लावणाऱ्यांतला मी नाही. मोर वाढलेत, पारवेही वाढलेत. मोराला अंकुरापासून सापापर्यंत काहीही चालतं. जे काहीही खाऊन निभावतात ते वाढले, आणि ज्यांना नेमकं काही लागतं ते गेले. दोन्ही गोष्टी एकाच शेतात घडतात. ज्वारीचंही असंच. पूर्वी शिवारभर ज्वारी असायची, भोरड्यांचे थवे उतरले तरी नुकसान विभागलं जायचं. सोयाबीन आलं, ज्वारी मागे पडली आणि आता गावात ज्याची एक-दोन एकर ज्वारी उभी आहे, त्याच्यावर सगळा थवा तुटून पडतो. गोफण घेऊन राखणीला बसणारं माणूस घरात उरलेलं नाही. तो पुढच्या वर्षी ज्वारी पेरत नाही. मग उरलेल्या ज्वारीवर भार आणखी वाढतो. या माणसाला ‘पाखरांसाठी थोडं सोड’ असं शहरातून येऊन सांगणं मला अन्याय वाटतो. पाखरं सगळ्यांची असतील तर त्यांच्या खाण्याचा खर्चही सगळ्यांनी उचलायला हवा. भोरड्यांची दुसरी बाजूही सांगतो. हिवाळ्यात आपली कणसं खाणारी हीच पाखरं उन्हाळ्यात मध्य आशियात वीण करतात आणि तिथे टोळ फस्त करतात. चीनच्या शिंजियांग प्रांतात त्यांना घरटी करता यावीत म्हणून लोक मुद्दाम दगडांचे ढीग रचून देतात.

औषधांबद्दल बोलायलाच हवं. १९९५-९६च्या हंगामात अर्जेंटिनाच्या गवताळ प्रदेशात शिकारी पक्षी हजारोंनी मरून पडले. उत्तर अमेरिकेतून थंडीत तिथे नाकतोडे खायला येणारे हे पक्षी. पाच हजारांवर मृत पक्षी मोजले गेले, आणि एकूण आकडा वीस हजारांच्या घरात असावा असा अंदाज होता. नाकतोडे मारायला तिथे फवारलं होतं मोनोक्रोटोफॉस. हे नाव इथल्या कुणाला नवीन नाही. २०१७ साली यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, त्यानंतर सरकारनं ज्या औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली त्यांत तेही होतं. आपल्याकडेही हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात, माळावर रात्रीचा मुक्काम करतात आणि दिवसभर शेतांवरून खालून उडत नाकतोडे टिपतात. पक्षी वाचवणं आणि पाठीवर पंप घेतलेला माणूस वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत असं मला कधीच वाटलं नाही.

बियाण्याचं तसंच. सरकीच्या पाकिटातलं रंगीत बी असतं, त्यावर बहुधा इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचा लेप असतो. कॅनडातल्या संशोधकांनी २०१९ साली दाखवलं की असे थोडेसे दाणे खाल्ल्यावर जेवढं औषध पोटात जाईल, तेवढ्यानं एका स्थलांतरी चिमणीचं वजन सहा तासांत सरासरी सहा टक्के घटलं आणि तिचा पुढचा प्रवास साडेतीन दिवसांनी लांबला. ती मेली नाही, पण विणीच्या जागी उशिरा पोहोचली तर तो हंगामच हातचा जाण्याची भीती असते.

मग करायचं काय? सगळ्यात आधी धुरा, म्हणजे शेताचा बांध, सांभाळा. जेसीबी लावून धुरे सपाट करण्याची जी लाट आली आहे, तिनं तित्तराची घरटी, बोरी, हिवर आणि नाकतोडे एकदमच नेले. पिकाची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, जास्त मिळतात, हे मान्य. पण निदान एका बाजूचा धुरा गवतासकट राहू द्या, आणि एप्रिल-मेमध्ये तो पेटवू नका. तित्तर त्याच सुमारास झुडपाखाली अंडी घालते. कृषी विद्यापीठं हरभऱ्यात पक्षीथांबे, म्हणजे पाखरांना बसायला काठ्या, लावायला सांगतात, तुरीच्या बियाण्यात थोडी ज्वारी किंवा बाजरी मिसळायला सांगतात. तो सल्ला फुकटचा आहे आणि चांगला आहे. थांब्यावर कोतवाल येतो, साळुंकी येते आणि घाटेअळी उचलते. पण थांबा लावून चौथ्या दिवशी कडक औषध मारलं तर कोतवाल बसून करणार काय? फुलोऱ्यातल्या पिकात अळ्या मोजा, नुकसानीच्या पातळीखाली असतील तर फवारू नका. हे मी हौशी माणूस सांगत नाही, शिफारसच तशी आहे. तणनाशक लागतच असेल तर धुऱ्यालगतची चार-सहा तासं खुरप्यावर ठेवा.

आणि पेरणीच्या दिवशीचं एक काम. पाभर वळते तिथे, धुऱ्याच्या कडेला लेप दिलेलं बी हमखास सांडतं. ते तसं सोडून येऊ नका, पायानं मातीआड करा. पाकिटात उरलेलं बी उकिरड्यावर फेकू नका, खोल पुरा.