मधल्या तीन जागा : एनएफसी नॉर्थ २०२५ आणि फँटसीचा हिशेब

(दृश्य : डेट्रॉइटचं फोर्ड फील्ड. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देण्याच्या, आधीची रांग. कॅमेरा पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर न थांबता त्याच्या पुढे वाकलेल्या तिघांवर येतो.)

एनएफसी नॉर्थ म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधला चार संघांचा विभाग. हा अंदाज २०२५ चा हंगाम सुरू होण्याआधीचा. २०२४ च्या हंगामात या चार संघांनी मिळून ४५ सामने जिंकले, २३ हरले. डेट्रॉइट लायन्स १५-२, मिनेसोटा व्हायकिंग्ज १४-३, ग्रीन बे पॅकर्स ११-६ आणि तळाला शिकागो बेअर्स ५-१२. तीन संघ प्लेऑफला गेले. तिघांपैकी एकालाही तिथे सामना जिंकता आला नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात या विभागात बरंच काही घडलं. बातम्यांमध्ये प्रशिक्षक आले, क्वार्टरबॅक आले, आणि ऑगस्टच्या शेवटी बचावपटू मायका पार्सन्सला पॅकर्सकडे आणणारा मोठा सौदा आला. पण या हंगामाचा अंदाज बांधायचा असेल, तर आधी वेगळ्याच ठिकाणी बघायला हवं. चारही संघ यंदा नव्या सेंटरसह मैदानात उतरत आहेत. चारही.

सेंटर म्हणजे पायांमधून चेंडू मागे देणारा माणूस, एवढीच ओळख पुरेशी नाही. स्टंपमागून सगळं मैदान वाचणाऱ्या यष्टिरक्षकासारखं त्याचं काम असतं. समोरचा कुठला लाइनबॅकर (पहिल्या फळीमागचा बचावपटू) ‘माइक’, म्हणजे मधला, धरायचा हे तो ओरडून सांगतो, आणि कोणी कोणाला अडवायचं याची मोजणी तिथून सुरू होते. त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड. या तिघांचा मेळ बसला नाही, तर नुकसान दोन प्रकारे होतं.

पहिलं पासिंगचं. बाहेरच्या कडेने हल्ला आला, तर क्वार्टरबॅक दोन पावलं पुढे सरकून वाचतो. हल्ला मधूनच आला, तर पुढे सरकायला जागाच राहत नाही. तो मागे रेलून फेकतो, चेंडू उंच जातो, किंवा सरळ सॅक होतो, म्हणजे चेंडू हातात असतानाच तो पाडला जातो. दुसरं नुकसान धावण्याचं. मधल्या धावेत सेंटर आणि गार्ड मिळून आधी समोरच्या बचावातल्या एका अवजड टॅकलला ढकलतात, मग त्यातला एक सुटून मागच्या लाइनबॅकरवर जातो. कधी सुटायचं, हे नजरेनं ठरतं. नव्या जोडीला ही नजर यायला आठवडे लागतात, आणि तोवर चार यार्डांची धाव दीड यार्डात संपते. गोल लाइनवर हाच फरक सहा गुणांचा असतो.

(दृश्य : लायन्सचा सराव. ग्रॅहम ग्लासगो सेंटरच्या जागी.)

सुरुवात डेट्रॉइटपासून. गेल्या हंगामात या संघाने ५६४ गुण केले, लीगमध्ये सर्वाधिक. त्या यंत्राच्या मध्यभागी होता फ्रँक रॅगनाउ. जून २०२५ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, तो निवृत्त झाला. उजवा गार्ड केव्हिन झाइटलर टेनेसीला गेला. आता ग्लासगो गार्डवरून सेंटरला आला आहे. त्याच्या डावीकडे ख्रिश्चन महॉगनी, उजवीकडे नवखा टेट रॅटलेज. भरीला आक्रमणाचा मेंदू, बेन जॉन्सन, शिकागोचा मुख्य प्रशिक्षक झाला. त्याच्या जागी जॉन मॉर्टन. तो पूर्वी डेट्रॉइटमध्ये काम करून गेलेला आहे, त्यामुळे भाषा बदलणार नाही. पण पुस्तक माहीत असणं वेगळं आणि तिसऱ्या डाउनला (चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) नेमकं पान उघडणं वेगळं.

फँटसी म्हणजे खऱ्या खेळाडूंचा आपला संघ फेरीफेरीने निवडायचा (हाच ड्राफ्ट) आणि त्यांच्या मैदानावरच्या आकड्यांवर गुण मिळवायचे. त्या दृष्टीने इथे दोन रनिंग बॅकमधला (चेंडू घेऊन धावणाऱ्यांमधला) फरक ओळखणं महत्त्वाचं. जमिर गिब्सने गेल्या हंगामात १,४१२ यार्ड धाव घेतली, ५२ झेल घेतले आणि एकूण २० टचडाउन केले. प्रत्येक झेलाला एक गुण देणाऱ्या लीगमध्ये हे ३६० च्या आसपास जातं. त्याच्या धावा बाहेरच्या बाजूनेही जातात, झेल तर मधल्या तिघांवर अवलंबूनच नाहीत. पहिल्या पाचात तो मिळाला, तर दुसरा विचार करू नका. डेव्हिड मॉन्टगोमेरीचं तसं नाही. ७७५ यार्ड आणि १२ टचडाउन, म्हणजे त्याची किंमत गोल लाइनवरच्या मधल्या धावांत आहे. धक्का बसला तर त्यालाच आधी बसेल. सातव्या फेरीच्या आधी त्याला घेऊ नये.

रिसीव्हर (पास झेलणारा) अमोन-रा सेंट ब्राउन, ११५ झेल, १२ टचडाउन : दुसऱ्या फेरीच्या तोंडाशी निर्धास्त घ्या. जेमसन विल्यम्सचं गणित निराळं. ५८ झेलांत १,००१ यार्ड. लांब पास फेकायला वेळ लागतो, आणि यंदा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफला तो वेळ कमी मिळण्याची शक्यता आहे. एका आठवड्यात २५ गुण, पुढच्या आठवड्यात ४, असा हा खेळाडू. तुमचे बाकीचे दोन रिसीव्हर स्थिर असतील तरच तो परवडतो.

जॅरेड गॉफने गेल्या वर्षी ३७ टचडाउन पास फेकले, अचूकता ७२.४ टक्के. ते आकडे पुन्हा येणार नाहीत. तरी त्याच्या वेळापत्रकात एक सोनं दडलेलं आहे. बाराव्या आठवड्यापासून सतराव्यापर्यंतचे लायन्सचे सहाही सामने छपराखाली आहेत. जायंट्स, पॅकर्स आणि काउबॉइज घरी, मग लॉस एंजेलिसला रॅम्स, घरी स्टीलर्स आणि मिनिआपोलिसला व्हायकिंग्ज. डिसेंबरचा वारा, बर्फ, काहीच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गॉफ चाचपडला आणि त्याचा फँटसीतला मालक वैतागला, की सौदा करायची वेळ तीच.

(दृश्य : सोल्जर फील्ड. केलब विल्यम्सच्या सॅकची मालिका, एकामागून एक.)

शिकागो. २०२४ मध्ये केलब विल्यम्सला ६८ वेळा पाडलं गेलं. एका हंगामात ६८. सगळा दोष रांगेचा नव्हता. चेंडू हातात धरून ठेवायची त्याची सवयही त्यात होती, आणि नोव्हेंबरमध्ये आक्रमणाचा समन्वयक, त्यानंतर थँक्सगिव्हिंगच्या पराभवानंतर मुख्य प्रशिक्षकही बदलला. अशा गोंधळात नवखा मुलगा २० टचडाउन आणि फक्त ६ इंटरसेप्शनवर (प्रतिस्पर्ध्याने पकडलेल्या पासांवर) थांबला, हे खरं तर कौतुकाचं.

बेअर्सनी मधल्या तिन्ही जागा नव्याने भरल्या. कॅन्सस सिटीहून जो थुनी, चार सुपर बोल जिंकलेला. अटलांटाहून सेंटर ड्रू डालमन. रॅम्सकडून जोना जॅक्सन, जो डेट्रॉइटमध्ये जॉन्सनच्या हाताखाली खेळलेला आहे. चौघांमध्ये हीच दुरुस्ती सर्वांत भक्कम वाटते, कारण इथे अनुभव विकत घेतला आहे, आशा नव्हे.

म्हणून केलबवर पैज लावायला हरकत नाही. ३,५४१ यार्डांच्या पासिंगबरोबर त्याने ४८९ यार्ड स्वतः धावून काढले, आणि बहुतेक लीगमध्ये धावण्याचे दहा यार्ड म्हणजे एक गुण, पासिंगचे पंचवीस यार्ड म्हणजे एक गुण. क्वार्टरबॅकसाठी नवव्या-दहाव्या फेरीपर्यंत थांबा आणि त्याला उचला. मात्र पहिल्या तीन-चार आठवड्यांसाठी दुसरा पर्याय जवळ ठेवा. जॉन्सनच्या पद्धतीत हालचाली आणि फसव्या धावा खूप, आणि त्या अंगवळणी पडायला वेळ लागतो.

कीनन ॲलन गेल्यामुळे रोम ओडुन्झेकडे अधिक पास वळतील. डीजे मूरपेक्षा तो दोन फेऱ्या उशिरा मिळत असेल, तर ओडुन्झेच घ्या. पहिल्या फेरीत दहाव्या क्रमांकावर निवडलेला टाइट एंड (अडवणारा आणि झेलणाराही) कोलस्टन लव्हलँड गुणी आहे, पण कोल कमेट तिथेच आहे. दोघांत वाटणी होणार. ड्राफ्टला नको, वेव्हरवर, म्हणजे ड्राफ्टनंतर मोकळ्या उरलेल्या खेळाडूंच्या यादीवर, लक्ष ठेवा.

(दृश्य : मिनिआपोलिस. जे. जे. मॅकार्थी. मागे रिकामी गॅलरी.)

व्हायकिंग्जच्या गेल्या हंगामाचा शेवट हाच त्यांच्या उन्हाळी खरेदीचा खुलासा आहे. विभागाचं विजेतेपद पणाला लागलेल्या शेवटच्या सामन्यात डेट्रॉइटकडून ३१-९, आणि पुढच्याच आठवड्यात रॅम्सकडून २७-९. त्या दुसऱ्या सामन्यात सॅम डार्नल्डला नऊ वेळा पाडलं. डार्नल्ड सिएटलला गेला. रांगेच्या मध्यावर इंडियानापोलिसहून रायन केली आणि विल फ्राइस आले, ड्राफ्टमधून डोनोवन जॅक्सन. आक्रमणाच्या रांगेतला डावा टॅकल (डाव्या टोकाचा) ख्रिश्चन डॅरिसॉचा गुडघा ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला होता. त्याला सुरुवातीला जपूनच खेळवतील.

आणि या सगळ्यामागे मॅकार्थी. २०२४ चा दहावा निवडलेला खेळाडू, पण गुडघ्यातली मेनिस्कस ही गादी फाटल्याने पहिलं वर्ष पूर्ण बाहेर. या हंगामापूर्वी लीगचा एकही अधिकृत सामना त्याने खेळलेला नव्हता. फँटसीत तो दुसरा क्वार्टरबॅक म्हणून घ्यावा. पहिला म्हणून नाही.

जस्टिन जेफरसनला याची झळ लागेल का? थोडी. पण १०३ झेल आणि १,५३३ यार्डांचा हा माणूस क्वार्टरबॅक बदलत गेले तरी टिकत आला आहे. पहिल्या फेरीतच ठेवा. जॉर्डन ॲडिसनवर पहिल्या तीन सामन्यांची बंदी आहे, म्हणून तो स्वस्तात मिळतोय. नवव्या फेरीत घेऊन बेंचवर बसवणं हा चांगला व्यवहार, फक्त ते तीन आठवडे एक जागा अडते हे धरून चाला. त्याच पोकळीसाठी ॲडम थीलनला परत आणलं आहे. तो वेव्हरचा खेळाडू, ड्राफ्टचा नव्हे.

ॲरन जोन्स तिशी ओलांडतोय. गेल्या वर्षी त्याच्यावर २५५ धावांचा भार पडला. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला जॉर्डन मेसन १५३ धावांत ७८९ यार्ड काढलेला दांडगा गडी. गोल लाइनवरचं काम त्याच्याकडे जाईल असा आमचा कयास आहे. दोघांपैकी जो उशिरा मिळेल तो घ्यावा, म्हणजे बहुधा मेसन.

व्हायकिंग्जची एक अडचण भारतातून खेळणाऱ्यांना हमखास गोत्यात आणते. २८ सप्टेंबरला त्यांचा सामना डब्लिनमध्ये स्टीलर्सशी, ५ ऑक्टोबरला लंडनमध्ये ब्राउन्सशी. दोन्ही भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सातला सुरू होतात, रविवारचे नेहमीचे पहिले सामने मात्र साडेदहाला. रात्री जेवून लाइनअप लावायची सवय असेल, तर जेफरसन बेंचवरच कुलूपबंद होतो. न खेळणाऱ्यांची यादी सामन्याआधी दीड तास जाहीर होते, म्हणजे साडेपाचला फोन हातात हवा. सहाव्या आठवड्यात व्हायकिंग्जना सुट्टी आहे. पॅकर्स आणि बेअर्सना पाचव्यात, लायन्सना आठव्यात.

(दृश्य : लॅम्बो फील्ड. पार्सन्स नव्या जर्सीत.)

ग्रीन बे. इथे मध्यभागाचा प्रश्न दोन्ही बाजूंना आहे. आक्रमणात एल्गटन जेंकिन्स गार्डवरून सेंटरला, आणि डावीकडे सॅन फ्रान्सिस्कोहून ॲरन बँक्स. बचावात मात्र त्यांनी पार्सन्ससाठी पहिल्या फेरीच्या दोन निवडींबरोबर केनी क्लार्क दिला, जो मधली जागा वर्षानुवर्षं भरून होता. पार्सन्सने २०२४ पर्यंतच्या चार हंगामांत ५२.५ सॅक केले. १८८ दशलक्ष डॉलरचा करार त्यासाठीच. पण समोरून मॉन्टगोमेरी सरळ मधून धावत आला, तर तिथे कोण, हे पहिल्याच रविवारी कळेल.

जॉश जेकब्स दुसऱ्या फेरीत घ्या. ३०१ धावा, १,३२९ यार्ड, जमिनीवरून १५ टचडाउन. एवढ्या भारानंतर दमछाक होते, हे खरं. म्हणून नोव्हेंबरमध्ये त्याच्या मागचा बॅक कोण आहे हे बघून ठेवा. रिसीव्हरांच्या घोळक्यात मात्र पैसे घालू नका. गेल्या हंगामात त्यांच्यातला सर्वाधिक यार्डांचा मानकरी, जेडन रीड, ८५७ वर थांबला, आणि आता त्याचा पाय दुखावला आहे. ख्रिश्चन वॉटसन गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सावरतोय. पहिल्या फेरीत आलेला मॅथ्यू गोल्डन एकटा जोखीम घेण्यासारखा. आमची खरी पसंती टाइट एंड टकर क्राफ्टला आहे. ५० झेल, ७०७ यार्ड, ७ टचडाउन, आणि तरी दहाव्या फेरीच्या आसपास सुटतो.

विभागात पॅकर्स गेल्या वर्षी १-५ होते. तो आकडा यंदा नक्की सुधारेल. विजेतेपदासाठी आम्ही त्यांना लायन्सच्या केसभर पुढे धरतो. तिसऱ्या-चौथ्या जागेबद्दल मात्र पैज नको. वेळापत्रकातले तीन सामने गेल्या वर्षीच्या क्रमावर ठरतात. बेअर्सना तळाच्या जागेमुळे फोर्टीनाइनर्स, सेंट्स आणि रेडर्स मिळाले आहेत. लायन्सच्या वाट्याला त्याच तीन जागी रॅम्स, बकनीअर्स आणि चीफ्स. हे अंतर दोन विजयांचं तरी आहे.

(दृश्य : वेळापत्रकाचा फलक.)

लायन्स आणि पॅकर्स ७ सप्टेंबरला भिडतात. म्हणजे विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची मध्यरात्र उलटून, भारतात ८ सप्टेंबरला १ वाजून ५५ मिनिटांनी. शिकागो आणि डेट्रॉइटमधली मराठी मंडळी तो सामना दुपारी-संध्याकाळी बघतील, आपण डोळे ताणून. व्हायकिंग्ज-बेअर्स मंगळवारी पहाटे पावणेसहाला. दोन्ही सामन्यांत एकच गोष्ट मोजा : पहिल्या आणि दुसऱ्या डाउनला मधून गेलेली धाव सरासरी किती यार्ड मिळवते. तीनच्या खाली असेल, तर त्या संघाचा गोल लाइनचा बॅक पुढच्या आठवड्यात बेंचवर.

आणि बहुतेक लीगचा अंतिम सामना ज्या आठवड्यात येतो, तो सतरावा. लायन्स-व्हायकिंग्ज नाताळच्या दिवशी आहे, म्हणजे आपल्याकडे २६ डिसेंबरच्या पहाटे तीनला. गिब्स, सेंट ब्राउन, जेफरसन हे सगळे रविवारच्या आधीच खेळून मोकळे होणार. त्यांना फ्लेक्सच्या जागेत ठेवू नका. रनिंग बॅक रनिंग बॅकच्या खणात, रिसीव्हर रिसीव्हरच्या. फ्लेक्स रविवारी खेळणाऱ्यासाठी मोकळा ठेवा. शनिवारी कोणी दुखापतीने बाहेर पडला, तर त्या खणात बॅक, रिसीव्हर किंवा टाइट एंड, कोणीही बसवता येतो.