गोड धाट, रिकामं कणीस

...तेव्हा मक्याचा दाणा गोड म्हणून धाटही गोड, असं इथे कुणाला वाटत नसावं, असं धरून चालतो. स्वीट कॉर्नचं ‘शुगरी’ जनुक आपली करामत दाण्यात दाखवतं. धाटाचा कारभार निराळा. माझं भांडण मात्र गोड धाटाचं बी निवडायला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसाची दाटी मोजणारं यंत्र, घेऊन शेतात शिरणाऱ्यांशी आहे.

असेच एक गृहस्थ आमच्या चाचणीच्या प्लॉटवर आले होते. खिशात यंत्र, हातात पक्कड. कणसाखालचं पेर कापायचं, पकडीत दाबायचं, दोन थेंब काचेवर घेऊन डोळा लावायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा. तिसऱ्या ओळीत ओरडलेच, “सोळा! याचंच बी धरा!” मी कणीस चाचपलं, तर बोटं थेट दाण्यांखालच्या बुरकंडाला लागली. सोललं, आत चार-दोन दाणे. म्हटलं, “साहेब, बी धरतो, पण दाणे कुठून आणू?” (हशा) तुम्ही हसलात, ते नाही हसले. दुपारी पुन्हा मोजून आले. आकडा आणखी चढलेला! हा आकडा ब्रिक्सचा, आणि ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेलं सगळंच, निव्वळ साखर नव्हे. उन्हात धाटाला पाणी कमी पडलं की रस दाटतो.

पान साखर बनवतं, भरणारं कणीस ती ओढून घेतं. गिऱ्हाईकच नसेल तर माल गोदामात पडून राहणार. तुऱ्याचे पराग कणसापर्यंत पोचू दिले नाहीत, तर चांगल्या वाणाचंही धाट गोड होतं. बाय द वे, मक्याच्या धाटापासून केलेली काकवी अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लानच्या बाजारात विकली जात होती. ती जिंकायला आलेल्या स्पॅनिश सेनानी कोर्तेसने 1520 मध्ये स्पेनच्या राजाला तसं कळवलं आहे. यावर मी तासभर बोलू शकतो, पण...

...चिठ्ठी आली. पाच मिनिटं! आणि विषय छापलाय ‘आनुवंशिकता’. बरं, पळत सांगतो.

धाटाचा गोडवा हा एका जनुकाचा खेळ नाही. अनेक जनुकांचे छोटे परिणाम बेरजेने साठतात, म्हणून दुसऱ्या पिढीत गोड आणि फिकी असे दोन स्वच्छ गट पडत नाहीत. संकर बहुधा आईबापांच्या अधेमधे राहतो. एकाच गोड पालकावर भिस्त ठेवू नका. दुसरी अडचण वेळेची. साखर मोजायची फुलोऱ्यानंतर, तोवर परागीभवन उरकलेलं. म्हणजे निवड फक्त आईची, बाप शेतातला कुणीही, आणि निवडीचा फायदा निम्मा. त्यापेक्षा आधी स्वफलन, म्हणजे ताटाचे पराग त्याच्याच कणसावर, करून घ्या आणि त्या कुळांची तुलना करा.

तुलना करताना पेर तेच, स्त्रीकेसर बाहेर पडल्यापासूनचे दिवस तेवढेच, आणि ब्रिक्सच्या शेजारच्या रकान्यात कणसाचं वजन. तो रकाना नसेल तर तुम्ही वांझपणाचीच आनुवंशिकता मोजताय.

मूरघासाचं, म्हणजे खड्ड्यात आंबवून ठेवलेल्या चाऱ्याचं, एका वाक्यात: आंबवणीपुरती साखर मक्यात मुळातच असते, आणि फार उरली तर खड्डा उघडल्यावर यीस्ट तिच्यावर तुटून पडतं, चारा तापतो. हो हो, थांबलोच. प्रश्न घ्या.