आजी-आजोबा, नातवंडं आणि शहरातलं पार्क

नमस्कार मंडळी! शाळांना समरची सुट्टी लागली की अमेरिकेत टेक्सास, जॉर्जिया, टेनेसी, कुठेही जा, आपल्या मराठी घरांमधे एकच चर्चा, भारतातून आईबाबा आलेत, पोरं घरात बसून वैतागलीत, आता सगळ्यांना घेऊन जायचं कुठे? मॉल झाले, आणि थीम पार्कची सहा जणांची तिकिटं काढायची म्हणजे खिशाला चांगलीच चाट. मी म्हणते आधी आपल्या शहराचं पब्लिक पार्क तर बघा! आईबाबांना इथे सगळ्यात जास्त काय खुपतं, तर कुणीतरी गाडीने सोडल्याशिवाय कुठे जाता येत नाही, आणि पार्कात त्यांना मनासारखं चालता येतं, दमलं की बाकावर टेकता येतं, चार माणसं दिसतात.

ह्यूस्टनचं हर्मन पार्क माझं सगळ्यात लाडकं. जॉर्ज हर्मन या ह्यूस्टनच्याच माणसाने १९१४ मधे २८५ एकर जमीन शहराला देऊन टाकली, नंतर त्यात भर पडत पडत आज ते ४४५ एकर झालंय. तिथल्या झूमधे जायला आणि छोट्या ट्रेनला तिकीट आहे, पेडल बोटीलाही पैसे पडतात, पण जपानी बाग, तळ्याकाठची वाट, मोठमोठे ओकचे वृक्ष, हे सगळं फुकट. आणि तिथलं मिलर आउटडोअर थिएटर! नाच, नाटक, ऑर्केस्ट्रा, सगळे शो फ्री, समोरच्या टेकडीवर चादर अंथरायची, डबा उघडायचा, पोरं उतारावरून लोळत खाली जातात आणि आजी निवांत गाणं ऐकत बसते. मेट्रोरेलची रेड लाइन अगदी पार्कापाशी थांबते, म्हणजे आईबाबांना तुमची वाट बघत बसायची गरज नाही.

डॅलसचं क्लाइड वॉरन पार्क जेमतेम ५.२ एकर, पण ते आहे चक्क हायवेच्या डोक्यावर! खालून गाड्या धावतायत आणि वर हिरवळ, फूड ट्रक, लहान मुलांची खेळायची जागा. २०१२ मधे उघडलं, आणि हायवेने तुटलेले शहराचे दोन भाग त्यामुळे पायी जोडले गेले, मला याचं फार कौतुक वाटतं. मेम्फिसमधे तर हायवे आधीच अडवला लोकांनी. ओव्हरटन पार्कातून इंटरस्टेट न्यायचा बेत होता, तिथले रहिवासी कोर्टात गेले, १९७१ मधे सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि शेवटी तो रस्ता पार्कातून गेलाच नाही, म्हणून तिथलं जुनं जंगल आजही आहे, झूही त्याच पार्कात आहे. तिकडे गेलात तर हे आजोबांना नक्की सांगा, त्यांना झूपेक्षा यातच जास्त रस वाटेल.

अटलांटाला पिडमाँट पार्क आहे, तिथे इसामू नोगुची या शिल्पकाराने बनवलेली घसरगुंडी न् झोपाळे आहेत, पोरांना ते शिल्प वगैरे काही माहीत नसतं, ती आपली मस्त खेळतात.

आता जरा काळजीचं बोलते. इथलं ऊन आणि दमटपणा म्हाताऱ्या माणसांना खरंच झेपत नाही, म्हणून जुलै-ऑगस्टमधे सकाळी लवकर जा नाहीतर थेट संध्याकाळी, पाणी भरपूर न्या. आणि चादर टाकायच्या आधी गवतात भुसभुशीत मातीचे ढीग दिसतायत का बघा, ती फायर अँट्सची, म्हणजे लाल मुंग्यांची, वारुळं असतात, चावल्या की फोड येतात, तेव्हा लहानग्यांना अनवाणी अजिबात सोडू नका.